फोड आला म्हणून फोडू नका

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या शेजारच्या वस्तीतल्या एक काकू एका मोठ्या इमारतीत झाडलोटीचे काम करतात. पावसाळा म्हणून ठेकेदाराने सगळ्यांना गमबूट दिले. काकूंच्या वाट्याला आले ते एक नंबर मोठे. "बदलून द्या" म्हणायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी तेच घातले. चार दिवसांत उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर पाण्याचा फोड आला. दुखत नव्हता, म्हणून त्यांनी लक्ष दिले नाही. एका रात्री मुलाच्या नजरेस पडला. त्याने सेफ्टी पिनने फोडला आणि वर चुना लावला. काकूंना आठ वर्षांपासून साखरेचा आजार आहे. पंधरा दिवसांनी पाय सुजला, वास येऊ लागला, तेव्हा रुग्णालयात नेले. ते बोट काढावे लागले.

फोड होता हरभऱ्याएवढा. आम्ही भेटायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं, फोडच तर होता. फोडासाठी खाडा करून कोण दवाखान्यात जातं?"

त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. बहुतेक फोड घरच्या घरी बरे होतात. हातावर पोट असलेल्या माणसाने प्रत्येक फोडासाठी रोज बुडवावा, असे आम्हीही सांगणार नाही. पण कोणता फोड घरी सांभाळायचा आणि कोणत्या फोडासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे घरातल्या प्रत्येकाला कळायला हवे. या वेळी आरोग्याच्या पानावर आपण तेवढेच समजून घेऊ.

फोड म्हणजे नेमके काय?

आपली कातडी एकावर एक थर असलेली असते. वरच्या थरात रक्तवाहिन्या नसतात. खालच्या थरात रक्तवाहिन्या असतात, वेदना कळवणाऱ्या नसा असतात. कातडी एकाच जागी घासली गेली, भाजली किंवा एखाद्या आजाराने सुजली, की वरचे पापुद्रे खालच्यापासून सुटतात. मध्ये जी पोकळी होते तिच्यात आजूबाजूचे पाणी झिरपते. तोच फोड.

या पाण्याला आपण लस म्हणतो. पुष्कळांना वाटते, हे घाण पाणी आहे, ते काढून टाकले की जखम लवकर भरेल. तसे नाही. साध्या फोडातले पाणी आपल्याच शरीरातले स्वच्छ पाणी असते. फोडावरची कातडी ही शरीराने स्वतःच बांधलेली पट्टी आहे. तिच्याखाली काम लगेच सुरू होते. साधारण २४ तासांत तळाच्या पेशी नव्या पेशी तयार करू लागतात आणि पाच-सहा दिवसांत खाली नवी कातडी धरते. पाणी आपोआप जिरते, वरचा पापुद्रा वाळून गळतो. आपण सुई टोचली किंवा ओढून कातडी काढली, तर बंद दार उघडून जंतूंना आत घेतल्यासारखे होते.

पाण्याच्या रंगावरूनही थोडे कळते. पाणी स्वच्छ असेल तर फोड साधा. लालसर असेल तर खालची बारीक रक्तवाहिनी फुटली आहे. त्यालाही हात लावायचा नाही, तो रक्ताचा फोडही असाच जिरतो. पाणी गढूळ, पिवळे-हिरवे असेल आणि भोवती लाली व गरमपणा असेल, तर आत पू झाला आहे. त्याला दवाखाना हवा.

घासून आलेला फोड

आपल्या वस्त्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसतो तो हाच. नवी चप्पल चावते, बूट मोठा किंवा लहान होतो, पहार-फावडे चालवून तळहात सोलवटतात, हातगाडी ओढून बोटांच्या मुळाशी फोड येतात. वर्षानुवर्षे तेच काम करणाऱ्यांच्या हाताला घट्टे पडतात, कारण सावकाश होणाऱ्या घर्षणाने कातडी जाड होते. पण चार महिने काम नव्हते आणि एकदम बांधकामावर गेलो, तर जुन्या कामगारालाही फोड येतात. कातडी ओली असेल तर ती जास्त घासली जाते. म्हणून घामाने किंवा पावसाने भिजलेल्या पायाला फोड लवकर येतो.

असा फोड आला तर काय करावे?

हात साबणाने धुवावेत. फोडाची जागा साबण आणि स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवून टिपून कोरडी करावी. वर स्वच्छ गॉज किंवा चिकटपट्टी लावावी. फोड टाचेवर किंवा तळव्यावर असेल तर जाड कापडाची किंवा स्पंजची चकती करून तिला मध्ये भोक पाडावे आणि फोड त्या भोकात येईल अशी ती बसवावी. चालताना भार कडेवर जातो, फोडावर येत नाही. पट्टी रोज बदलावी, ओली झाली तर लगेच बदलावी. ज्या चपलेने फोड आला ती फोड बरा होईपर्यंत घालू नये.

फोड आपोआप फुटला तर घाबरू नका. धुऊन घ्या, वरची कातडी कात्रीने कापू नका, ती जागेवरच पसरून बसवा आणि वर न चिकटणारी पट्टी बांधा. थोडे साधे व्हॅसलिन लावले तर पट्टी जखमेला चिकटत नाही.

फोड मोठा आहे, टम्म भरला आहे आणि कामावर उभे राहावेच लागणार आहे, असा प्रसंग येतो. तेव्हा तो दवाखान्यात सिस्टरकडून रिकामा करून घेणे सर्वांत बरे. त्या निर्जंतुक सुईने कडेला बारीक भोक पाडतात, पाणी दाबून काढतात आणि वरची कातडी तशीच ठेवतात. घरातली शिवणकामाची सुई, केसांची पिन, सेफ्टी पिन, ब्लेड यांपैकी काहीही वापरू नका. मेणबत्तीवर धरलेल्या सुईवर काजळी बसते. ती स्वच्छ झाली असे समजू नका. साखरेचा आजार असलेल्या माणसाचा, भाजलेला आणि कांजण्यांचा फोड तर घरी कधीच फोडायचा नाही.

फोड येऊच नये म्हणून

चप्पल-बूट संध्याकाळी घ्यावेत. दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात. तेव्हा जो बूट नीट बसतो तो दिवसभर बसतो. नवा बूट पहिल्या दिवशी आठ तास घालू नये, रोज तास-दोन तास घालून मऊ करावा. मोजे कोरडे असावेत; भिजणारे काम असेल तर एक जोड पिशवीत न्यावा. जिथे नेहमी घासते तिथे आधीच चिकटपट्टी लावावी. एखादी जागा लाल होऊन चुरचुरू लागली, की तो फोडाचा निरोप असतो. तिथेच थांबून पट्टी लावली तर फोड टळतो. हाताच्या कामाला हातमोजे वापरावेत.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाणाऱ्यांनाही हेच सांगणे. आपण पांढरे कपडे काढतो, त्यासोबत नवी कोरी चप्पलही काढतो. तासन्‌तास रांगेत उभे राहायचे, मैलभर चालायचे, त्या दिवशी जुनी, पायात मुरलेली चप्पल घाला. सोबत चार चिकटपट्ट्या ठेवा.

भाजून आलेला फोड

वाफ, गरम तेल, कढता चहा, इस्त्री, मोटारसायकलचा सायलेन्सर आणि दिवाळीतले फटाके यांनी भाजले की थोड्या वेळात फोड येतो. फोड आला याचा अर्थ भाजणे वरवरचे नाही, ते खालच्या थरापर्यंत पोहोचले आहे.

पहिले काम एकच: भाजलेला भाग साध्या पाण्याखाली धरणे, तेही पूर्ण २० मिनिटे. नळाला पाणी नसेल तर बादलीतले पाणी तांब्याने ओतत राहा. भाजल्यावर तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो, पण जितक्या लवकर तितके चांगले. बर्फ लावू नका. बर्फाने कातडीला आणखी इजा होते. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा, नंतर सूज आली की निघत नाहीत. चिकटलेले कापड ओढू नका. नंतर स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडाने सैल झाका. लहान मूल असेल तर भाजलेला भाग पाण्याखाली धरताना बाकीचे अंग पांघरुणात ठेवा, नाहीतर ते गारठते.

टूथपेस्ट, शाई, हळद, चुना, तूप, कॉफीची पूड, राख, बटाट्याचा कीस यांतले काहीही लावू नका. आमच्याही घरी आजीने हेच लावले आहे आणि मायेने लावले आहे. पण या लेपाखाली उष्णता कोंडते, जंतू जातात आणि डॉक्टरांना आधी तो लेप खरवडून काढावा लागतो. तो त्रास रोग्यालाच होतो.

भाजलेली जागा रोग्याच्या स्वतःच्या पंजापेक्षा मोठी असेल. चेहरा, हात, पाय, सांधा किंवा गुप्तांग भाजले असेल. विजेने किंवा ॲसिडने भाजले असेल. जागा पांढरी किंवा काळी पडून बधिर झाली असेल. किंवा रोगी लहान मूल अथवा म्हातारे माणूस असेल, तर पाणी ओतून झाल्यावर सरळ रुग्णालयात न्या. गाडीसाठी १०८ नंबर लावा.

बिब्बा आणि पावसाळी किडा

गुडघे दुखतात, टाच दुखते, पायाला भेगा पडल्या, की आपल्याकडे बिब्ब्याचा चटका देतात. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की ती लाल होते, सुजते, फोड येतात, कधी ते अंगभर पसरतात. "बिब्बा उतला" असे आपण म्हणतो ते हेच. काही जणांना एका थेंबानेही होते. दुखण्याच्या जागी फोड आला म्हणजे दुखणे बाहेर निघाले, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ती कातडीला झालेली इजा असते, गुडघा आत जसा होता तसाच राहतो. बिब्बा लागला तर ती जागा साबणाने भरपूर धुवा आणि फोड आले तर डॉक्टरांना दाखवा. लहान बाळाला तर बिब्बा लावूच नका.

पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती मुंगीसारखा लांबट, काळा-नारंगी किडा येतो. तो चावत नाही, पण मानेवर बसला आणि आपण हाताने चिरडला तर त्याच्या अंगातला रस कातडी जाळतो. दुसऱ्या दिवशी लाल पट्टा आणि त्यावर बारीक फोड दिसतात. लोक त्याला नागीण समजून घाबरतात. किडा फुंकर मारून उडवा, चिरडला गेलाच तर जागा लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

कांजण्या आणि नागीण

आता ज्या फोडांना आपण आजही देवाधर्माशी जोडतो, त्यांच्याबद्दल.

जुना देवीचा रोग वेगळा. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि ८ मे १९८० रोजी जगातून तो रोग गेल्याचे जाहीर झाले. तो नवसाने गेला नाही. घरोघर फिरून रुग्ण शोधले, त्यांच्या आजूबाजूच्या सगळ्यांना लस टोचली, म्हणून गेला.

कांजण्या हा विषाणूचा आजार. ताप येतो, मग छाती-पाठीवर, चेहऱ्यावर खाजणारे पाण्याचे फोड येतात. ते एकदम येत नाहीत, काही आज, काही उद्या. फोड येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे बहुधा पाच ते सात दिवस, तो दुसऱ्याला लागतो. तोपर्यंत मुलाला शाळेत, अंगणवाडीत पाठवू नका. गरोदर बाई आणि नवजात बाळ यांना दूर ठेवा. रोज कोमट पाण्याने अंघोळ घालायला हरकत नाही, उलट त्याने जंतुसंसर्ग टळतो. नखे कापा, खाजेला कॅलामाइन लावा. अंथरुणाशेजारी कडुलिंबाचा डहाळा ठेवला तर नुकसान नाही, पण तो औषध नव्हे. तापाला पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन मुलांना मुळीच देऊ नये, आयबुप्रोफेनही टाळावे. मोठ्या माणसाला, गरोदर बाईला किंवा तान्ह्या बाळाला कांजण्या आल्या तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

कांजण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीरातून जात नाही. तो पाठीच्या कण्याजवळच्या नसांच्या मुळाशी दडून बसतो. वय झाले, अंगातली शक्ती कमी झाली, की एखाद्या नसेवाटे पुन्हा बाहेर येतो. तीच नागीण. आधी दोन-तीन दिवस एका बाजूला आग होते, ठणकते, मग त्याच बाजूला पट्ट्यासारखे फोडांचे घोस येतात. "नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस मरतो" हे आपण लहानपणापासून ऐकले आहे. खरे कारण पाहा. एक नस शरीराच्या एकाच बाजूला असते. फोड त्या नसेच्या वाटेने येतात, म्हणून बहुधा मध्यरेषेपाशी थांबतात. गेरूने रेघ ओढली म्हणून ते थांबत नाहीत, आणि समजा पुढे गेलेच तरी त्याने माणूस मरत नाही. इतके मोठे पसरले तर अंगातली शक्ती कमी झाली आहे, म्हणून दवाखाना गाठायचा, एवढाच त्याचा अर्थ.

मांत्रिकाकडे जाण्यात खरे नुकसान वेळेचे होते. नागिणीवर असायक्लोव्हिरसारख्या गोळ्या असतात. त्या फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर जास्तीत जास्त उपयोग होतो. उतारा, गेरू, जाणकार यांत तीन दिवस गेले, तर फोड वाळतात, पण काहींची आग महिनोन्‌महिने राहते. कपाळावर, डोळ्याजवळ, नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, नजरेला धोका असतो. ज्यांना कांजण्या झालेल्या नाहीत त्यांना नागिणीच्या फोडांपासून कांजण्या होऊ शकतात, म्हणून फोड झाकून ठेवा.

तपासल्याशिवाय मानू नका, हे आपण विहारात ऐकतो. अंगावरच्या फोडालाही तेच लागू आहे.

लहान मुलांच्या नाकाखाली, तोंडाभोवती फोड येऊन फुटतात आणि वर मधासारखी पिवळी खपली धरते. हा जंतूंचा संसर्ग आहे आणि तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे पटकन जातो. डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने लवकर बरा होतो. मुलाचा टॉवेल वेगळा ठेवा, हात वारंवार धुवा.

न दुखणारा फोड जास्त धोक्याचा

काकूंचा फोड दुखत नव्हता, हे लक्षात ठेवा. दुखत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो. खरे तर न दुखणे हीच धोक्याची खूण असते.

साखरेचा आजार जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात. बुटात खडा गेला, फोड आला, तरी कळत नाही. पायाला रक्त कमी पोहोचते, म्हणून जखम भरत नाही. अशा माणसाने रोज रात्री दोन्ही पाय पाहावेत. तळवा आरशात पाहावा किंवा घरच्यांनी पाहावा, बोटांच्या बेचक्याही तपासाव्यात. बूट घालण्याआधी आत हात घालून बघावे. अनवाणी फिरू नये. गरम पाण्यात पाय घालण्याआधी दुसऱ्याने हाताने पाणी पाहावे. शेकायची पिशवी पायाला लावू नये. फोड दिसला की त्याच दिवशी दवाखाना.

दुसरे कारण कुष्ठरोग. चुलीवरचे भांडे उचलले, बोट भाजले, फोड आला, पण चटका कळलाच नाही. अंगावर फिका किंवा लालसर बधिर चट्टा आहे. असे असेल तर सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. आशाताईंना सांगितले तरी चालेल. कुष्ठरोगाची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि लवकर घेतली तर माणूस पूर्ण बरा होतो, हात-पाय वाकडे होत नाहीत. ताट-पेला वेगळा करणे काय असते, ते आपल्या आजा-पणजांनी भोगले आहे. आजारासाठी आपल्याच माणसाला आपण तसे वागवायचे नाही.

त्याच दिवशी दवाखाना कधी?

• साखरेचा आजार असलेल्या किंवा पाय बधिर असलेल्या माणसाला पायावर कुठलाही फोड आला तर.
• फोडाभोवती लाली पसरत असेल, पू, वास, ताप असेल किंवा लाल रेघ वर चढत असेल तर.
• फोड डोळ्याजवळ, तोंडात किंवा गुप्तांगावर असेल तर.
• पंजापेक्षा मोठी जागा भाजली असेल तर.
• नागिणीची शंका असेल तर.
• कारण नसताना अंगावर वारंवार मोठे फोड येत असतील, तोंडातले फोड आठवडे-आठवडे बरे होत नसतील तर. हा कातडीचा जुना आजार असू शकतो. तो दुसऱ्याला लागत नाही, पण त्याला मोठे उपचार लागतात.
• नवी गोळी सुरू केल्यावर अंगावर फोड आले, ओठ, तोंड, डोळे सोलवटले, तर ही तातडीची वेळ आहे. पुढची गोळी न घेता, गोळ्यांचे पाकीट सोबत घेऊन ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा.

जखम मातीची, गंजाची असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारा.

घरात एका डब्यात साबणाची वडी, गॉज, चिकटपट्टी, व्हॅसलिन आणि कात्री एवढे ठेवा. डबा मुलांना माहीत असू द्या, कारण काकूंच्या घरी पिन मुलाच्याच हातात होती. त्याला कुणी सांगितलेच नव्हते, त्याचा दोष नाही.

आणि ठेकेदाराने मापाचे नसलेले गमबूट दिले, तर गप्प बसू नका. एकट्याने नाही, चौघींनी मिळून सांगा: "आमच्या मापाचे द्या." काकूंनी आता तसे सांगितले आहे. यंदा त्यांना आणि त्यांच्या सोबतच्या सगळ्यांना मापाचे बूट मिळाले.

सर्वांना जयभीम.